शंभर एकरांचा सौदा

बोरीबंदर, चिंचबंदर, मशीद बंदर. मुंबईच्या पूर्व अंगाच्या या तिन्ही नावांत बंदर आहे आणि तिन्ही ठिकाणी समुद्र नाही. चिंचबंदरला आज दाटीवाटीची वस्ती आहे, मशीद बंदरला घाऊक बाजार आणि बोरीबंदरला रेल्वेचे ते प्रसिद्ध स्थानक. माझे वडील गोदीत टॅली क्लार्क होते. जहाजातून उतरणाऱ्या मालाची मोजदाद हे त्यांचे आयुष्यभराचे काम. लहानपणी मी त्यांना विचारले होते, "आण्णा, बोरीबंदरला बंदर कुठे आहे?" त्यांनी उत्तर दिले, "सरकारनं ते कंपनीला देऊन टाकलं, आणि मग पैसे मोजून परत घेतलं." त्यांच्या खात्यातल्या कुणा जुन्या हेडक्लार्ककडून ऐकलेली ही गोष्ट होती. मला ती गंमत वाटली. पुढे तिशीत, नोकरी सांभाळून जुनी पुस्तके चाळायचा नाद लागला तेव्हा कळले, की आण्णांनी एका वाक्यात सांगितलेला तो इतिहास जवळजवळ बिनचूक होता.

ही गोष्ट मुख्यतः १८६२ ते १८७३ या अकरा वर्षांची आहे. पण तिची एक आठवण त्याच्या दोनशे वर्षे मागची सांगितली पाहिजे. मुंबई बेट पोर्तुगिजांकडून दुसऱ्या चार्ल्सला आंदण म्हणून मिळाले हे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. त्या राजाने ते १६६८ साली ईस्ट इंडिया कंपनीला वर्षाला दहा पौंड सोन्याच्या नाण्यांत, अशा खंडावर देऊन टाकले. म्हणजे किनारा व्यापारी कंपनीच्या हाती सोपवण्याची मुंबईतली पहिली सनद खुद्द या शहराचीच आहे. राजाला बेट सांभाळण्याचा खर्च नको होता आणि कंपनीला गोदी हवी होती. ज्याच्या हाती सत्ता आहे पण रोकड नाही, आणि ज्याच्या हाती रोकड आहे पण जागा नाही, अशा दोघांची ही गाठ. आपल्या गोष्टीतही हीच दोन पात्रे पुन्हा भेटतील, फक्त कंपनी दुसरी असेल.

मधल्या काळात कंपनी सरकार झाली आणि स्वतःच जमिनी देऊ लागली. जुन्या मुंबईतल्या जमिनींच्या हक्कांची नावे मोठी चविष्ट आहेत: टोका, फजंदारी, सनदी, पेन्शन अँड टॅक्स, फोरास. त्यातले फोरास आपल्या कामाचे. भरतीचे खारे पाणी शिरणारी सखल जमीन लोकांनी बांध घालून पिकाऊ करावी आणि सरकारला नाममात्र खंड द्यावा, असा तो प्रकार. जमीन सुधारली, शहर वाढले, किंमत चढली आणि मग वाद उभा राहिला: हे लोक मालक की सरकारच्या मर्जीचे भाडेकरू? तो वाद मिटवायला १८५१ चा सहावा कायदा करावा लागला. फोरास रोड हे नाव आज भलत्याच कारणासाठी लोकांच्या तोंडी आहे, पण त्याच्या मुळाशी हा खारजमिनीचा झगडा आहे. पाण्यातून निघालेली जमीन देताना अटी ढिल्या ठेवल्या तर पुढे काय होते, याचा धडा सरकारजवळ असा तयारच होता. दहा-अकरा वर्षांनी तो कुणाला आठवला असे दिसत नाही.

१६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी गेली, हे आपण दरवर्षी साजरे करतो. ज्या कराराने ती गाडी धावली त्याकडे मात्र फारसे कुणी पाहत नाही. जीआयपी रेल्वे ही खाजगी इंग्रजी कंपनी होती. तिच्या भागधारकांना सरकारने पाच टक्के व्याजाची हमी दिली होती आणि मार्गासाठी लागणारी जमीन सरकारने फुकट द्यायची होती, ९९ वर्षांच्या मुदतीने. घाटाखालच्या शेतजमिनी देणे सोपे होते. मुंबईत मात्र पंचाईत होती. भोर घाटाचा मार्ग १८६३ मध्ये खुला व्हायचा होता, थळ घाटाचा त्यामागोमाग. दख्खन, खानदेश, वऱ्हाड इकडचा सगळा कापूस एकदा गाडीने उतरू लागला की बोरीबंदरचे ते चिमुकले स्थानक पुरणार नव्हते. मोठे टर्मिनस हवे, मालधक्के हवेत, आणि तेही समुद्रालगत. एका बाजूला किल्ला, दुसऱ्या बाजूला गच्च भरलेले नेटिव्ह टाऊन. जमीन शिल्लक होती ती फक्त पाण्याखाली. टाकसाळ आणि कस्टम हाउसच्या उत्तरेला मोदी बे नावाची उथळ खाडी होती. तीत भरणी केली तर जागा होणार होती.

भरणी करायला पैसा हवा. इथे त्या काळच्या सरकारी जमाखर्चाची एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते, नाहीतर पुढचा सगळा व्यवहार शुद्ध मूर्खपणा वाटतो. मला कित्येक वर्षे तो तसाच वाटत होता. मुंबई सरकारकडे स्वतःचा म्हणावा असा पैसाच नव्हता. महसूल मुंबई इलाख्यात गोळा होई, पण खर्चाची मंजुरी कलकत्त्याहून घ्यावी लागे आणि कलकत्त्याच्या डोक्यावर लंडनचे इंडिया ऑफिस. प्रांतांच्या हाती थोडा खर्च सोपवण्याचा लॉर्ड मेयोचा ठराव आला तो १८७० च्या डिसेंबरात. त्याआधी गव्हर्नर कितीही कर्तबगार असो, मोठ्या कामाला त्याला हात पसरावा लागे, आणि १८५७ च्या बंडाच्या खर्चाखाली दबलेला कलकत्त्याचा खजिना उदार नव्हता. मुंबई सरकारच्या ताब्यात, कुणाला न विचारता देता येईल अशी एकच वस्तू उरली होती. ती म्हणजे भरती-ओहोटीच्या मधला किनारा. रुपयाऐवजी किनाऱ्याने देणी भागवायची, हा विचार या परिस्थितीतून आला.

आणि घ्यायला गिऱ्हाईक तयार होते. लॉर्ड एल्फिन्स्टन गव्हर्नर असताना, १८५८ च्या सुमारास, त्याच्या नावाने एल्फिन्स्टन लँड अँड प्रेस कंपनी निघाली होती. यातल्या 'प्रेस' शब्दाने मला बराच काळ चकवले. कंपनीचा छापखाना असावा असे समजून मी तिची छापील पुस्तके शोधत होतो! प्रेस म्हणजे रुई दाबून गाठी बांधण्याचे यंत्र. सैल कापूस जहाजात फार जागा खातो आणि जहाजाचे भाडे जागेवर ठरते. म्हणून निर्यातीच्या आधी तो दाबावा लागे. जो किनाऱ्यालगत प्रेस टाकील त्याला गाठ बांधून थेट पडावात टाकता येणार. कंपनीने किनाऱ्यावर जमीन घेऊन भरणी आणि प्रेस असे दोन्ही धंदे आरंभले होते.

१८६२ मध्ये सौदा ठरला. कंपनीने मोदी बे भरून सुमारे १०० एकर जमीन जीआयपी रेल्वेच्या टर्मिनससाठी सरकारला द्यायची. त्या बदल्यात कंपनीला स्वतःसाठी सुमारे २५० एकर भरणी करण्याची परवानगी. सरकारच्या तिजोरीतून रोख काही जायचे नाही. रेल्वेला कबूल केलेली फुकट जमीन मिळणार, शहराला जागा मिळणार, आणि खर्च सारा खाजगी भांडवलाचा.

कागदावर हा सौदा उत्तम दिसतो, हे आधी मान्य केले पाहिजे. त्या वर्षी एप्रिलमध्ये सर बार्टल फ्रिअर गव्हर्नर म्हणून आला होता. मराठी वाचकाला तो पूर्वी साताऱ्याचा रेसिडेंट म्हणून माहीत असतो; साताऱ्याचे राज्य खालसा करू नये असे मत त्याने तेव्हा दिले होते. नंतर सिंधमध्ये कमिशनर असताना कराचीच्या बंदराला त्याने चालना दिली आणि त्यानंतर कलकत्त्याच्या कौन्सिलात बसून आला. म्हणजे बंदर काय असते आणि कलकत्ता पैसे कसे देत नाही, या दोन्ही गोष्टी त्याला आतून ठाऊक होत्या. किल्ल्याचा तट पाडणे, नवे रस्ते, नव्या इमारती, सगळे त्याला एकदम करायचे होते. मुंबईवरची इंग्रजी पुस्तके फ्रिअरचे गुणगान करून थकत नाहीत. त्यात तथ्य आहे, पण ही पुस्तके सौद्याची एकच बाजू मोजतात.

दुसरी बाजू अशी. १०० एकरांच्या बदल्यात २५० एकर दिले, एवढ्यापुरता व्यवहार नव्हता. ते २५० एकर कुठे होते ते पाहा. त्या काळी मुंबईत जहाज थेट लागेल अशी व्यापारी गोदी नव्हती. मोठी जहाजे खोल पाण्यात नांगर टाकून उभी राहत आणि माल पडावांतून, मचव्यांतून निरनिराळ्या बंदरांवर उतरे. बंदर म्हणजे बहुधा दगडी धक्का, एखादी यारी आणि मागे गुदाम. ज्याचा धक्का त्याचे भाडे. आता रेल्वेच्या टर्मिनसला लागून असलेला, कस्टम हाउसपासून उत्तरेकडचा भराव आणि त्यावरचे धक्के एकाच कंपनीच्या हाती जाणार होते. इलाख्याचा माल ज्या दारातून बाहेर पडतो त्या दाराची किल्लीच सरकारने देऊन टाकली. कराराच्या हिशेबात एकर मोजले होते, दार मोजले नव्हते.

आणखी एक मोजणी राहिली होती. या कागदावर पक्ष दोनच, सरकार आणि कंपनी. ओहोटीच्या चिखलात जाळी टाकणारे, होड्या ओढून ठेवणारे, मासळी वाळवणारे कोळी त्यात कुठे बसत नव्हते, कारण त्यांच्याजवळ टोका, फोरास, सनद यांपैकी काहीच नव्हते. वहिवाटीला कागद नसतो. मांडवी कोळीवाडा आजही त्या नावाने उभा आहे. तिथून समुद्र गाठायचा तर रेल्वेचे रूळ आणि गोदीची भिंत मध्ये येते. मी काही वर्षांपूर्वी तिथल्या एका वृद्ध बाईंशी बोलत होतो. त्या म्हणाल्या, "आमचा दर्या कुणी नेला ते आमाला ठाव नाय, पन आमी कुठं गेलो नाय." हा पुरावा नव्हे, हे मला कळते. पण करारांच्या कागदांत जे नाही ते कुठूनतरी घ्यायलाच हवे.

१८६१ ला अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झाले, लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकन कापूस मिळेना आणि मुंबईत सोन्याचा पाऊस पडला. ती कहाणी मराठीत अनेकदा सांगून झाली आहे, म्हणून ती इथे आवरती घेतो. एवढेच लक्षात ठेवायचे, की आलेल्या पैशाला वाट हवी होती आणि भरणीच्या कंपन्या ही सगळ्यांत आवडती वाट ठरली. कुलाबा, माझगाव, फ्रिअर, जिकडे पाणी तिकडे एक लँड कंपनी. गोविंद नारायण माडगांवकरांचे 'मुंबईचे वर्णन' १८६३ चे, म्हणजे नेमके या भरतीतले. ते पुस्तक वाचताना मला दर वेळी वाटते, की लेखक ज्या शहराचे वर्णन करतो आहे ते त्याच्या लेखणीखालीच बदलते आहे.

या कंपन्यांची राणी म्हणजे बॅक बे रेक्लमेशन कंपनी, आणि सरकारने केलेल्या वाटाघाटींचा सर्वांत विलक्षण अध्याय तिचाच. प्रश्न पुन्हा रेल्वेचाच होता. बीबीसीआय रेल्वे गुजरातचा कापूस घेऊन उत्तरेकडून मुंबईत उतरत होती. कापसाचा बाजार कुलाब्याला. मध्ये शहर. तेव्हा मार्ग पश्चिमेच्या समुद्राच्या कडेने, बॅक बे भरून न्यावा लागणार. जमीन पुन्हा सरकारने द्यायची आणि सरकारने स्वतः भरणी करण्याला वरून परवानगी नाही. मग मोदी बेचाच कित्ता: कंपनी काढा, तिला चौपाटीपासून कुलाब्यापर्यंतचा किनारा भरू द्या, रेल्वेपुरती पट्टी तिच्याकडून घ्या, उरलेले तिने विकावे.

पण या वेळी मुंबई सरकार थोडे शहाणे झाले होते, किंवा थोडे जास्त मोहात पडले होते. दोन्ही वाचने शक्य आहेत आणि मी अनेक वर्षे एकीवरून दुसरीवर झोके घेत आलो आहे. सरकारने ठरवले, की कंपनीच्या २,००० भागांपैकी ४०० भाग आपण घ्यायचे. किनारा आपला, तर त्यातून होणाऱ्या नफ्यातही आपला पाचवा हिस्सा. आजच्या भाषेत सांगायचे तर सार्वजनिक-खाजगी भागीदारी. हिंदुस्थान सरकारने ते साफ नाकारले. सवलत देणारा आणि सवलतीतून नफा कमावणारा एकच कसा असेल? उद्या कंपनीने अट मोडली तर तिच्यावर कारवाई करणारे सरकार स्वतःच तिचे भागीदार निघेल. शिवाय सरकारचे नाव पाहून लोक डोळे मिटून पैसे लावतील. तात्त्विक दृष्ट्या कलकत्त्याचे म्हणणे बिनतोड होते.

परिणाम मात्र उलटा झाला. सरकारसाठी राखलेले ते ४०० भाग १८६४ मध्ये जाहीर लिलावात निघाले. पाच हजार रुपये भरलेल्या एका भागावर सरासरी सव्वीस हजारांहून अधिक रुपयांचा चढावा मिळाला. चारशे भागांचा एकूण चढावा एक कोटीच्या वर गेला. वाचकांनी क्षणभर थांबून हा आकडा मनात तोलावा. पाण्याखाली असलेल्या, एक टोपलीही माती न पडलेल्या जमिनीचा हा भाव. त्या लिलावाने शहराला सांगितले, की सरकारला हव्या असलेल्या वस्तूची किंमत ही. पुढे हा पाच हजारांचा भाग पन्नास हजारांच्या घरात गेला. सरकारने भागीदार होऊ नये या तत्त्वाचे पालन झाले आणि ज्या सट्ट्यापासून लोकांना वाचवायचे होते त्यालाच त्या पालनाने वारा घातला.

याच वेळी आणखी एक दार उघडे राहिले होते. बँक ऑफ बॉम्बे ही अर्धसरकारी पेढी. सरकार तिचे भागधारक आणि तिच्या संचालकांपैकी काही सरकारनियुक्त. १८६३ च्या नव्या कायद्याने तिच्यावरची जुनी बंधने सैल झाली आणि ती शेअरांच्या तारणावर कर्जे देऊ लागली. प्रेमचंद रायचंदांचा बँकेत शब्द चाले आणि बॅक बे कंपनीतही. म्हणजे सरकारने पुढच्या दाराने नाकारलेली भागीदारी मागच्या दाराने आत आलीच.

१८६५ च्या वसंतात अमेरिकेतले युद्ध संपले. १ जुलै १८६५ हा वायद्यांचा दिवस. त्या दिवशी मुंबई दिवाळखोर झाली. दिनशा वाच्छांनी तरुणपणी डोळ्यांनी पाहिलेल्या या हाहाकाराची हकिकत १९१० मध्ये पुस्तकरूपाने लिहिली. ज्यांना त्याचे तपशील हवे असतील त्यांनी ते अवश्य पाहावे. बँक ऑफ बॉम्बेचे भांडवल जवळजवळ सगळे गेले आणि तिची चौकशी करायला आयोग बसला. आपल्या लोकांत डॉ. भाऊ दाजी लाड यांची कमाई यात बुडाली, हे वाचताना आजही वाईट वाटते. गरिबांना मोफत औषध देणारा, शिलालेख वाचणारा माणूस. त्यालाही हा वारा लागला होता. बॅक बे कंपनीने थोडी भरणी केली आणि ती मेली. तिच्या पट्टीवरून रेल्वे मात्र कुलाब्याला गेली. उरलेली बॅक बे साठ वर्षांनी सरकारने स्वतः भरायला घेतली तेव्हा जो दुसरा घोटाळा झाला आणि वीर नरिमन यांनी तो चव्हाट्यावर मांडला, तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

एल्फिन्स्टन कंपनी मात्र मेली नाही. इतर कंपन्यांनी कागद विकले, हिने खरोखर समुद्र भरला होता. दगड आणि मुरूम टाकून टाकून मोदी बे आणि तिच्या उत्तरेचा किनारा पुढे सरकला होता, धक्के बांधले जात होते, माल उतरत होता. थॉमस ऑर्मिस्टन नावाचा कुशल स्कॉटिश इंजिनियर तिच्या कामावर होता. फक्त १८६५ नंतर बाजारातला पैसा आटला होता.

याच सुमारास सरकारला आपण काय दिले ते दिसू लागले. फ्रिअर १८६७ मध्ये गेला, सर सीमूर फिट्झजेराल्ड आला. सुएझचा कालवा पुरा होत आला होता; तो उघडला १७ नोव्हेंबर १८६९ ला. आगबोटी थेट युरोपातून येणार, आणि आगबोटीला दिवसचे दिवस नांगरावर उभे राहून पडावांची वाट पाहणे परवडत नाही. तिला गोदी हवी. गोदी बांधायची तर किनारा हवा, आणि त्यातला सर्वांत मोक्याचा किनारा कंपनीचा. कंपनीने गोदी बांधली तर बंदराचे दर कंपनी ठरवणार. सरकारने बांधायची म्हटले तर जागा कंपनीकडून घ्यावी लागणार. बंदराचा कारभार एका सार्वजनिक मंडळाकडे असावा, हा विचार तेव्हा बळावला. पण ज्या मंडळाकडे किनाराच नाही त्याने कारभार कशाचा करायचा?

म्हणून परत खरेदीची बोलणी सुरू झाली. घासाघीशीत दोन्ही बाजूंचे पत्ते उघडे होते. सरकारला माहीत होते, की मंदीत कंपनीला पैसा मिळत नाही आणि भागधारक थकले आहेत. कंपनीला माहीत होते, की सरकारला ही मालमत्ता आज ना उद्या घ्यावीच लागेल आणि कालवा उघडल्यावर तिची किंमत वाढेलच. वेळ कंपनीच्या बाजूने होता, पैसा सरकारच्या. फरक इतकाच, की सरकार या वेळी किनाऱ्याने देणे भागवू शकत नव्हते. किनारा तर विकत घ्यायचा होता. १८६९ मध्ये लंडनने मंजुरी दिली आणि १८७० मध्ये कंपनीची मालमत्ता सरकारच्या हाती आली. किंमत कोटींच्या घरात गेली. सात-आठ वर्षांपूर्वी ज्या सौद्यात रोख एक रुपयाही जाणार नव्हता त्याचा हा हिशेब.

१८७३ च्या पहिल्या कायद्याने बॉम्बे पोर्ट ट्रस्ट झाले. त्याचा कारभार २६ जून १८७३ ला सुरू झाला आणि कर्नल बॅलार्ड पहिले अध्यक्ष झाले. बॅलार्ड इस्टेट त्यांच्या नावाची. सरकारने कंपनीकडून घेतलेली मालमत्ता ट्रस्टकडे सोपवली आणि तिच्यासाठी दिलेली किंमत ट्रस्टच्या नावे कर्ज म्हणून मांडली. म्हणजे ट्रस्ट जन्मला तो कर्ज उशाला घेऊन. हे कर्ज फेडायचे कशातून? धक्क्याचे भाडे आणि बंदराची पट्टी यांतून. ती भरणारा व्यापारी ती मालावर चढवणार. आणि निर्यातीचा भाव लिव्हरपुलात ठरत असल्याने चढलेला खर्च मागे मागे सरकत दलालाकडे, दलालाकडून खेड्यातल्या कापूसवाल्याकडे जाणार. वऱ्हाडातल्या कुणब्याने मोदी बेच्या सौद्याचा हप्ता भरला, असे मी म्हटले तर अर्थशास्त्री मला पुरावा मागतील. माझ्याजवळ पावती नाही. पण पैसा दुसऱ्या कुठून आला असेल ते त्यांनी सांगावे.

बरे, एवढे करूनही सगळा किनारा हाती आला नव्हताच. इतर खाजगी बंदरांचे मालक होतेच आणि ट्रस्टशी दराची स्पर्धा करत होते. १८७५ मध्ये ससून मंडळींनी कुलाब्याला स्वतःची गोदी बांधली. तीही १८७९ मध्ये विकत घ्यावी लागली. आज ससून डॉकवर पहाटे मासळीचा लिलाव पाहणाऱ्या किती जणांना हे ठाऊक असते!

किनारा पुन्हा आपला झाल्यावर ट्रस्टने एक गोष्ट पक्की धरली. जमिनीची मालकी सोडायची नाही. द्यायची ती भाडेपट्ट्याने, मुदतीने. पूर्व किनाऱ्यावरच्या शेकडो गुदामांचे, वखारींचे, इमारतींचे मालक जमिनीपुरते भाडेकरूच राहिले. त्यांचे वारस आज पट्ट्याच्या नूतनीकरणावरून आणि भाडेवाढीवरून कोर्टकचेऱ्या करतात. त्यांच्या तक्रारी मी ऐकल्या आहेत आणि पुष्कळ खऱ्याही आहेत. पण त्या पट्ट्यांतली कडक कलमे वाचताना मला नेहमी १८६२ चा तो ढिला कागद आठवतो.

ऑर्मिस्टन कंपनीकडून पोर्ट ट्रस्टकडे आला. मालक बदलला, इंजिनियर तोच, किनाराही तोच. त्याने आखलेल्या प्रिन्सेस डॉकची पायाभरणी १८७५ मध्ये प्रिन्स ऑफ वेल्सच्या हस्ते झाली आणि १ जानेवारी १८८० ला गोदी खुली झाली. तिचे खोदकाम चालू असताना चिखलाखाली एक जंगल सापडले. साडेतीनशेहून अधिक झाडांचे बुंधे, त्यांतले कित्येक मुळांवर सरळ उभे, बहुतेक खैराचे. ते मोजून नोंदवून ठेवले गेले. ज्या तळाला सगळे समुद्र समजत होते तिथे कधीकाळी रान होते.

आण्णांची उमेदीची वर्षे या प्रिन्सेस डॉकच्या धक्क्यावर गेली. मी नवव्या-दहाव्या वर्षी त्यांचा डबा घेऊन फाटकापर्यंत जात असे. आत सोडत नसत. फाटकातून जहाजाचा एक काळा तुकडा आणि यारीची मान दिसे. अलीकडे ती गोदी कंटेनरांसाठी बुजवली. आता तिथे सपाट जमीन आहे.